डबलसीट: मागच्याला नीट चढवणं, नीट उतरवणं

धावती मोटारसायकल आपला तोल बऱ्याच अंशी आपणच धरते. उभ्या गाडीला तो आधार नसतो. ती उभी असते चालवणाऱ्याच्या दोन पायांवर. आणि नेमकं त्याच वेळी मागे पन्नास-सत्तर किलोचं माणूस चढत किंवा उतरत असतं. गाडी आडवी होणं, पोटरी भाजणं, मागून आलेल्या दुचाकीचा धक्का बसणं, यातलं बरंचसं टाळता येतं, पण त्यासाठी दोघांना आपापलं काम ठाऊक हवं. चालवणारा कितीही कसलेला असला तरी मागच्याने अचानक एका बाजूला उडी घेतली तर त्याचे हात तोकडे पडतात.

म्हणून पहिला नियम बोलण्याचा. चालवणाऱ्याने ‘बस’ म्हटल्याशिवाय मागच्याने गाडीला हात लावायचा नाही. ‘उतर’ म्हटल्याशिवाय जागचं हलायचं नाही. मागे वडील असोत की सासूबाई, ‘बसा’ आणि ‘उतरा’ हे शब्द तोंडाने उच्चारायचेच. आणि मागच्यानेही नीट बसल्यावर ‘बसले’ किंवा ‘बसलो’ असं उत्तर द्यायचं. हेल्मेटमधून आवाज पोचत नसेल तर खांद्यावर दोनदा थाप, असा संकेत आधी ठरवून घ्या. रोज एकत्र जाणाऱ्या जोडप्यांत हे बोलणं हळूहळू बंद होतं आणि सवयीवर सगळं चालतं. मग एखाद्या दिवशी सिग्नलला गाडी थांबते, मागच्याला वाटतं आलंच ठिकाण, आणि चालवणाऱ्याचा एक पाय वर असताना तो उतरायला लागतो.

चढण्याआधी

मागचे दोन्ही फूटरेस्ट चालवणाऱ्याने हाताने उघडून पूर्ण खाली घ्यावेत. अर्धवट उघडलेला फूटरेस्ट वजन पडताच हलतो आणि पाय घसरतो. बूट-चपलेच्या टोकाने तो उघडायची खटपट मागच्याने एका पायावर उभं राहून करू नये. फूटरेस्टवरचं रबर गुळगुळीत झालं असेल तर बदलून घ्या. पावसात नुसत्या लोखंडावर ओली चप्पल टिकत नाही.

मागच्या टायरची हवा एकट्यासाठी वेगळी आणि दोघांसाठी वेगळी असते. कंपनीने दिलेला आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, बऱ्याच गाड्यांवर त्याचा स्टिकरही असतो. डबलसीटचा आकडा एकट्याच्या आकड्यापेक्षा चांगलाच जास्त असतो, आणि बहुतेकजण वर्षभर एकट्याच्याच हवेवर दोघं फिरतात. हवा कमी असली की उभी गाडीही बाजूला झुलते. मागे दोन शॉकअप असतील तर त्यांच्या खालच्या खाचांची रिंग मागच्याच्या वजनाप्रमाणे एक-दोन घरं कडक करून घ्या. त्याचा वाकडा पाना बऱ्याच गाड्यांच्या टूलकिटमध्ये मिळतो. दोन्ही बाजूंची खाच एकाच घरात हवी. शॉकअप फार मऊ असतील तर माणूस बसताच गाडीचं बूड खाली जातं आणि पुढचं चाक हलकं होतं.

हेल्मेट दोघांनी जमिनीवर उभं असतानाच घालून पट्टा लावून घ्यावा. गाडीवर बसून पट्ट्याशी झटापट केली की गाडी हलत राहते. चालवणाऱ्याच्या पाठीवरची सॅक मागच्याच्या पोटात आणि आड येते, ती पुढे पोटावर घ्या किंवा मागच्याच्या पाठीवर द्या. मागच्याच्या हातात पिशवी असेल तर ती आधी चालवणाऱ्याकडे द्यायची, चढायला दोन्ही हात मोकळे हवेत.

चालवणाऱ्याचं काम

आधी चालवणारा बसतो, साइड स्टँड वर घेतो, गाडी सरळ उभी करतो आणि मगच मागचा चढतो. पुष्कळ ठिकाणी उलटं चालतं: गाडी साइड स्टँडवर, दोघं चढून बसतात, मग स्टँड काढतात. यात दोन अडचणी आहेत. गाडी आधीच डावीकडे कललेली असते, त्यात मागच्याचं सगळं वजन डाव्या फूटरेस्टवर येतं, म्हणजे स्टँडच्या एका पायावर. उन्हात तापलेल्या डांबरात किंवा पावसाळ्यातल्या मातीत स्टँड रुततो, जुना असेल तर त्याचा बोल्ट ढिला होतो. दुसरं म्हणजे, कललेली गाडी दोघांच्या वजनासकट सरळ करायला चालवणाऱ्याला फार जोर लावावा लागतो. जोर जास्त झाला की गाडी उजवीकडे जाते. मधल्या स्टँडवर तर मागच्याला बसवूच नका. तो काढताना गाडी झटक्याने पुढे येते.

दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकवा, खांद्यांपेक्षा थोडे रुंद आणि फूटरेस्टच्या किंचित पुढे. पाय मागे गेले तर मागच्याचा बूट तुमच्या पोटरीवर पडतो. हँडल अगदी सरळ ठेवा. वळलेल्या हँडलने गाडी त्या बाजूला लवकर कोसळते. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा. गिअर न्यूट्रलमध्ये हवा. पहिल्या गिअरात क्लच दाबून थांबलात आणि मागच्याच्या धक्क्याने डावा हात सुटला, तर गाडी उसळी घेते. उजव्या हाताने पुढचा ब्रेक दाबून धरा. दोन्ही पाय खाली असल्यामुळे पायाचा ब्रेक वापरता येत नाही, आणि माणूस बसताना गाडी पुढे-मागे सरकते ती हाच ब्रेक थांबवतो. नवखं माणूस, मूल किंवा वयस्कर कुणी असेल तर इंजिन बंदच ठेवा.

डावा आरसा बघून, मागून कुणी फुटपाथच्या बाजूने घुसत नाही ना याची खात्री करून मग ‘बस’ म्हणा.

उंची कमी असलेल्यांनी जागा निवडून थांबावं. स्प्लेंडरची सीट ७८५ मिलिमीटरवर आहे, क्लासिक ३५० ची ८०५ वर; या वीस मिलिमीटरांनी कुणाची टाच टेकते, कुणाची अधांतरी राहते. शिवाय क्लासिकचं वजन १९५ किलो आहे आणि स्प्लेंडरचं साधारण ११२, त्यामुळे एकदा कलल्यावर ती सावरणंही अवघड. नुसते चवडे टेकत असतील तर फुटपाथला लागून थांबा, म्हणजे डावा पाय कडेवर भक्कम ठेवता येतो. आपल्याकडच्या बऱ्याच रस्त्यांना पाणी वाहून जाण्यासाठी कडेकडे उतार असतो, डाव्या पायाखालची जमीन खोल जाते आणि मागचा चढतो तोही डावीकडूनच. त्या उतारावर थांबण्यापेक्षा चार पावलं पुढे सपाट जागा बघितलेली बरी.

मागच्याने कसं चढायचं

डावीकडून. आपल्याकडे वाहतूक डाव्या बाजूने चालते म्हणून फुटपाथ डावीकडे, आणि बहुतेक गाड्यांचा तापलेला सायलेन्सर उजवीकडे. रॉयल एनफिल्डच्या ६५० सीसीच्या बहुतेक गाड्यांना तो दोन्हीकडे असतो, तिथे डावीकडेही पोटरी सांभाळायची.

ज्यांचा पाय सहज पोचतो त्यांनी फूटरेस्टवर चढूच नये. डावा पाय जमिनीवर, डावा हात चालवणाऱ्याच्या डाव्या खांद्यावर, उजवा पाय गुडघ्यात दुमडून सीटवरून पलीकडे न्यायचा आणि बसायचं. गाडीला याचा धक्का सगळ्यात कमी लागतो.

बाकीच्यांना फूटरेस्टचा आधार लागतोच, आणि गाडी पडण्याचं मुख्य कारणही तोच. डाव्या फूटरेस्टचा मध्य गाडीच्या मधल्या रेषेपासून साधारण २० ते २५ सेंटिमीटर बाहेर असतो. त्यावर ६० किलोचं माणूस सरळ ताठ उभं राहिलं, तर गाडीला डावीकडे पाडणारा जोर इतका होतो की हँडलच्या उजव्या टोकाला ३५ ते ४० किलोचं पोतं टांगावं तेव्हा कुठे तो तोलला जाईल. चालवणाऱ्याने हा सगळा भार डाव्या पायावर आणि मनगटांवर घ्यायचा असतो. तेच माणूस आधी सीटवर ओणवं झालं, डोकं आणि छाती गाडीच्या मधोमध आणली आणि मग पायावर भार दिला, तर वजन मधल्या रेषेजवळ येतं आणि गाडी जेमतेम हलते.

म्हणून सीटच्या शेजारी, गाडीला अगदी चिकटून उभं राहायचं. डावा हात चालवणाऱ्याच्या डाव्या खांद्यावर, उजवा हात सीटच्या पलीकडच्या कडेवर किंवा मागच्या लोखंडी हँडलवर. डाव्या पायाचा मधला भाग फूटरेस्टवर ठेवायचा, नुसती बोटं नकोत. आता अंग सीटवर झुकवायचं आणि मगच उठायचं, एका संथ हालचालीत. उजवा गुडघा दुमडून आधी गुडघा पलीकडे, मग पाऊल. पाय सरळ ठेवून लांबून फिरवला की तो कॅरिअरला, डिकीला किंवा मागे बांधलेल्या सामानाला अडकतो, आणि अडकलेल्या पायाने माणूस गाडीच ओढतो. सीटवर धप्पकन बसायचं नाही, मांड्यांवर भार घेत टेकायचं. उजवं पाऊल उजव्या फूटरेस्टवर टेकलं, हे बघून मग ‘बसले’.

खांदा दाबायला वापरायचा, ओढायला नाही. खांद्यावर खाली दाबलेला भार चालवणाऱ्याच्या पाठीतून सीटवर जातो. मागे ओढलं तर त्याचे हात ओढले जातात आणि ब्रेक सुटतो. आरसा, हँडल, चालवणाऱ्याचं कोपर, त्याच्या जर्किनची टोपी, हे धरायचे आधार नव्हेत.

बाइक टॅक्सी किंवा गोव्यातला मोटारसायकलवाला पायलट, म्हणजे जिथे मागचा आणि पुढचा एकमेकांना अनोळखी, तिथे खांद्याला हात लावायचा संकोच होतो आणि माणूस कशालाच न धरता चढायला बघतं. सरळ ‘खांद्यावर हात ठेवते’ असं सांगून हात ठेवा. चालवणाऱ्यानेही ‘खांदा धरून बसा’ म्हणावं. बसल्यावर हवं तर मागचं हँडल धरता येतं.

एका बाजूला पाय टाकून बसताना

साडीत, विशेषतः पाचवारीत, बहुतेक बायका एका बाजूला बसतात. दोन्हीकडे पाय टाकून बसणं जास्त सुरक्षित आहे आणि सलवार किंवा पँट असेल तर तसंच बसावं. पण साडी आहे तिथे ही पद्धत राहणारच, तर ती नीट करावी.

गाडीकडे पाठ करून सीटच्या मधोमध उभं राहा. उजवा हात चालवणाऱ्याच्या खांद्यावर, डावा मागच्या हँडलवर. उजवं पाऊल फूटरेस्टवर किंवा साडीगार्डच्या पट्टीवर, आणि मागे रेलत सीटवर बसा. उडी मारून कडेवर टेकायचं नाही. बसल्यावर मागे सरकत राहा, बैठक सीटच्या उजव्या कडेपर्यंत गेली पाहिजे. कडेवर टेकून बसलं की सगळं वजन डावीकडे राहतं आणि चालवणाऱ्याला सगळा रस्ता गाडी उजवीकडे रेटत न्यावी लागते. दोन्ही पाय एकाच पट्टीवर राहतील अशी रुंद पट्टी लावून घेतलेली बरी.

आता पदर. साडीगार्ड डाव्या बाजूला असतो, कारण पाय आणि निऱ्या डावीकडे येतात. पण एका बाजूला बसलेल्या बाईची पाठ उजवीकडे असते, आणि पदर पाठीवरून खाली लोंबतो तो गाडीच्या उजव्या अंगाला. तिथे गार्ड नसतो. असतात चाकाचे आरे आणि सायलेन्सर. गार्ड आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्या बाईचा पदर नेमका पलीकडून आत जातो. म्हणून चढण्याआधी पदर पाठीवरून उजव्या बाजूने पुढे घेऊन कमरेला घट्ट खोचायचा. ओढणी गळ्याभोवती गुंडाळायची नाही. गळ्यातली ओढणी चाकात गेली तर जिवावर बेतते. दोन्ही टोकं कमरेशी बांधा किंवा ओढणी सरळ सॅकमध्ये ठेवा. बसल्यावर चालवणाऱ्याने मान वळवून उजवीकडचं चाक एकदा बघावं आणि मग गिअर टाकावा.

गाडीला मागच्यासाठी धरायचं हँडल, फूटरेस्ट आणि कपडे अडकू नयेत म्हणून निम्मं मागचं चाक झाकणारा गार्ड असणं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२३ नुसार बंधनकारक आहे. दिसायला बरं म्हणून गार्ड आणि हँडल काढून टाकलेल्या गाडीवर कुणाला मागे बसवू नका.

उतरणं

चढताना दोघंही सावध असतात, उतरताना पोचल्याच्या घाईत असतात.

डावीकडे सरकून पूर्ण थांबा, फुटपाथ आणि गाडी यांच्यात दुसरी दुचाकी घुसेल एवढी फट ठेवू नका; मागच्याला पाय टेकायला हातभर जागा पुरते. दोन्ही पाय खाली, न्यूट्रल, पुढचा ब्रेक, हँडल सरळ. डावा आरसा बघा, मागच्यालाही मान वळवून बघायला सांगा. मग ‘उतर’.

मागच्याने डावा हात खांद्यावर ठेवून, अंग पुन्हा सीटवर झुकवून, डाव्या फूटरेस्टवर उभं राहायचं. पाय पोचत असेल तर डावा पाय थेट जमिनीवर टेकवावा, तेच उत्तम. उजवा गुडघा दुमडून सीटवरून डावीकडे आणायचा, पाऊल जमिनीवर टेकायचं, त्यावर हळूहळू भार द्यायचा आणि शेवटी डावा पाय फूटरेस्टवरून काढायचा. पोटरी सायलेन्सरला लागते ती उजवा पाय वर उचलताना, म्हणून पाय आधी सरळ वर आणि मग आडवा.

इथे एक चूक फार होते. मागचा डाव्या फूटरेस्टवर असताना चालवणारा नकळत गाडी उजवीकडे रेटून तोल सांभाळत असतो. मागच्याने टुणकन उडी मारली की डावीकडचं वजन एका क्षणात नाहीसं होतं, रेटा तसाच राहतो आणि गाडी उजवीकडे, रहदारीच्या बाजूला जाते. ‘मी तर उतरले होते, मग गाडी कशी पडली’ याचं उत्तर हे आहे. एका बाजूला बसलेल्यांना तर नुसतं घसरून उतरायची सवय असते; त्यांनीही आधी एक पाय टेकून भार जमिनीवर घ्यावा, मग उठावं.

उतरल्यावर ‘उतरलो’ म्हणून दोन पावलं फुटपाथकडे जायचं. त्यानंतरच चालवणाऱ्याने स्टँड लावायचा. पेट्रोल पंपावरही हाच क्रम: मागचा रांगेच्या बाहेर उतरतो, मग चालवणारा.

गाडी हळू झाली की पूर्ण थांबायच्या आधी उतरणारे पुष्कळ आहेत. गाडीच्या वेगाने शरीर पुढे जात असतं आणि पाय जमिनीला अडकतो. तोंडावर पडण्याची ही खात्रीची रीत.

चढ, पाऊस, गर्दी

घाटात चढावर थांबलात तर नुसत्या पुढच्या ब्रेकवर विसंबू नका. चढावर वजन मागच्या चाकावर असतं, त्यात मागचा बसला की पुढचं चाक आणखी हलकं होतं आणि ब्रेक दाबलेला असतानाही मागे घसरू शकतं. अशा वेळी इंजिन बंद करून गाडी पहिल्या गिअरात ठेवा, क्लच सोडा. मागचं चाक इंजिनने धरलेलं राहतं. पुढचा ब्रेक तर हवाच. मागचा बसल्यावर क्लच दाबून इंजिन सुरू करा, डावा पाय जमिनीवर ठेवून उजवा मागच्या ब्रेकवर घ्या आणि मग निघा. उतारावर तोंड असेल तर पुढचा ब्रेक चांगला काम करतो, पण मागचा बसताना चालवणाऱ्यावर घसरतो. त्याने हात सीटवर टेकून मागे बसावं.

पावसात रस्त्यावरचे पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं आणि झेब्रा क्रॉसिंग यांवर पाय टेकवू नका, चालवणाऱ्याचा पाय घसरला की पुढचं सगळं घसरतं. वाळूवर आणि बारीक खडीवरही तसंच. झग्यासारखा लोंबणारा रेनकोट मागच्याने घालू नये, शर्ट-पँटचा घालावा. रेनकोटची पँट सीटवरून घसरते म्हणून निघाल्यावर घट्ट धरून बसावं. छत्री मिटूनच चढायचं आणि मिटलेलीच ठेवायची.

मुलं आणि गुडघेदुखीची माणसं

मुलाचे पाय फूटरेस्टवर नीट टेकत नसतील तर ते मागे एकटं बसायच्या वयाचं झालेलं नाही. लोंबणारं पाऊल आऱ्यांत जाऊन होणाऱ्या जखमा फार वाईट असतात. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट, चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत, हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. मोठ्या मुलालाही चढताना जमिनीवरच्या दुसऱ्या माणसाने काखेत धरून बसवावं, आणि उतरताना चालवणाऱ्याने हात मागे करून ओढू नये, ब्रेक सुटतो. पुढे टाकीवर मूल आणि मागे बायको ही रोजची दिसणारी गोष्ट कायद्यात बसत नाही: १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे चालवणाऱ्याखेरीज एकच माणूस, तोही मागच्या सीटवर.

आजी-आजोबांसाठी फुटपाथची कड हीच पायरी. गाडी इतकी जवळ घ्या की ते कडेवर उभे राहून थेट पाय पलीकडे टाकू शकतील. डावीकडून चढताना सगळा भार डाव्या गुडघ्यावर येतो, हे लक्षात घ्या. डावा गुडघा दुखरा असेल आणि गाडी सोसायटीच्या आवारात, सायलेन्सर थंड असताना उभी असेल, तर उजवीकडून चढवायला हरकत नाही. पण उतरताना सायलेन्सर तापलेला असणार, म्हणून पोचायच्या ठिकाणी कशी सोय आहे हे आधी बघावं. खुब्याचं किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला डबलसीट नेऊ नका. रिक्षा करा.

पोटरी भाजलीच तर भाजलेल्या जागेवर २० मिनिटं नळाचं साधं वाहतं पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका. फोड मोठा असेल तर डॉक्टरांकडे जा.

स्कूटरचा वेगळा धोका

स्कूटरला न्यूट्रल नाही. इंजिन चालू असताना मागचा धप्पकन बसला, चालवणाऱ्याचा उजवा हात हिसका बसून वळला, की गाडी जागच्या जागी सुटते. म्हणून मागचा चढता-उतरताना इंजिन बंद करा. ते जमत नसेल तर डाव्या हाताने मागचा ब्रेक घट्ट दाबा आणि उजव्या हाताची पकड थ्रॉटलवरून काढून बोटं फक्त पुढच्या ब्रेकवर ठेवा. पुष्कळजण बसलेल्या माणसाला हात द्यायला डावा हात सोडतात आणि उजवा थ्रॉटलवर ठेवतात, हे नेमकं उलटं होतं.

घरातल्या नेहमीच्या मागे बसणाऱ्यासोबत एकदा रिकाम्या पार्किंगमध्ये, इंजिन बंद ठेवून, हे सगळं हळू करून बघा. आधी मागच्याने मुद्दाम ताठ उभं राहून चढावं आणि मग सीटवर झुकून. चालवणाऱ्याच्या डाव्या पायाला दोन्हींतला फरक पहिल्याच खेपेला कळतो. त्यानंतर जागा बदला, किल्ली बाजूला ठेवून मागच्यालाही पुढे बसून कुणाचं तरी वजन पेलू द्या.